मामंजींच्या खुर्चीत सासूबाई

प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत एक पुतळा खुर्चीवर बसलेला असे. कमरेच्या वरचा भागच काय तो होता. राखाडी फायबरचा, रुंद खांद्यांचा, सपाट छातीचा. दिवसभर ताठ बसून समोर बघायचं आणि आजूबाजूला काय चाललंय याची अजिबात दखल घ्यायची नाही, असा त्याचा स्वभाव. त्यावरून कुणीतरी कधीतरी त्याला ‘मामंजी’ म्हटलं आणि तेच नाव पडलं. नवीन माणूस कामावर लागला की त्याला आधी मामंजींना नमस्कार करायला लावत.

मामंजींची देखभाल जिच्याकडे होती, तिला सगळे दशांशबाई म्हणत. चहात साखर किती, असं विचारलं तर ती ‘दीड चमचा’ न म्हणता ‘एक पूर्णांक चार दशांश’ म्हणते, अशी तिची ख्याती होती. असं ती कधीच म्हणाली नव्हती. पण चिडवणाऱ्यांवर ती रागावलीही नाही. थट्टा साधारण बरोबर दिशेने चालली आहे, एवढं तिला मान्य होतं. ती बोलायची कमी, मोजायची जास्त, आणि मोजल्याशिवाय सही करायची नाही. तिच्या सहीचा अहवाल बाहेर गेला की तो परत येत नसे. हा तिचा अभिमान होता. ती तो कुणाला दाखवत नसे, पण तो होता.

सध्या काम चाललं होतं अंगावर घालायच्या प्रकाशमापकांचं. एका मोठ्या रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या नर्सेसना झोपेचा त्रास होता. आपल्या शरीरातलं घड्याळ लागतं ते डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर. दिवसा पडदे लावून झोपणाऱ्या आणि रात्री ट्यूबलाइटखाली राबणाऱ्या बाईचं घड्याळ बिचारं गोंधळून जातं. म्हणून प्रत्येक नर्सला महिनाभर एक मापक घालायला द्यायचा आणि तिच्या वाट्याला खरोखर किती उजेड येतो ते पाहायचं, असं ठरलं होतं. जिचा आकडा कमी येईल तिला उपचाराचा दिवा मिळणार, पाळीही बदलून मिळणार. जिचा आकडा भरपूर, तिला ‘तुमचं ठीक चाललंय’ म्हणून परत पाठवणार. कोणता मापक द्यायचा ते प्रयोगशाळेने सांगायचं होतं, आणि अहवालावर सही दशांशबाईची असणार होती.

स्पर्धेत दोघेच होते. मनगटावरचा पट्टा आणि गळ्यातलं लॉकेट. पट्टा पहिल्याच फेरीत बाद झाला, कारण स्वेटरची बाही खाली आली की त्याच्या लेखी भरदुपारी रात्र व्हायची. लॉकेट मात्र सगळ्यांचं लाडकं झालं होतं. चपटं, हलकं, मधोमध दुधी काचेची इवलीशी खिडकी. मामंजींच्या गळ्यात अडकवून दिव्याखाली बसवलं, गोल फिरवलं, मंद उजेडात ठेवलं, प्रखर उजेडात ठेवलं. डोळ्यापाशी ठेवलेला प्रयोगशाळेचा मोठा मीटर जे सांगेल तेच लॉकेटही सांगे. त्या मीटरचा शब्द तिथे अखेरचा होता.

घोळ झाला तो माणसांवर घातल्यावर. स्वयंसेवकांना एक दिवस लॉकेट घालायला दिलं आणि सोबत तुलनेसाठी कानशिलापाशी एक छोटा सेन्सर बसवला. त्याची वायर कमरेच्या डबीत जायची. असलं लटांबर नर्सेसना देणं शक्यच नव्हतं, पण एका दिवसापुरतं चालण्यासारखं होतं. पुरुषांचे आकडे छान जुळले. बायकांपैकी काहींचे जुळले आणि काहींचे पार वाहवत गेले. ऑफिसात, दुकानात, जिथे जिथे दिवे छताला, तिथे लॉकेट त्या सेन्सरच्या दुपटीच्या आसपास उजेड सांगत होतं.

“हाताळतात हो,” विभागप्रमुख म्हणाले. त्यांना सगळे सर म्हणत. माणूस सरळ होता, पण कामाचा ढीग पुढे असला की सोप्या उत्तराला भुलायचा. “गळ्यात काही असलं की बोटात धरून फिरवत बसायची सवय असते. तुमच्यासारख्या सगळ्या थोड्याच असतात?”

ते ऐकून दशांशबाईच्या कपाळाला बारीक आठी पडली. पण नुसत्या आठीने काही सिद्ध होत नाही. तिने स्वतः लॉकेट घातलं, सेन्सर लावला आणि दिवसभर ऑफिस, बाजार, बस असं सगळीकडे हिंडली. संध्याकाळी आकडे पाहिले तर मामंजींपेक्षाही सुरेख जुळलेले. म्हणजे बायकांच्या अंगावर लॉकेट बिघडतं असं काही नव्हतं. आपणही बाईच आहोत की! उरलं काय, तर हाताळणी. मनाविरुद्ध का होईना, पण आकड्यांना मान देऊन तिने त्या नोंदी वगळायला होकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयाच्या मेट्रनबाई आणि लॉकेटच्या कंपनीचा माणूस येणार होते. त्यांच्यासमोर सही व्हायची होती.

वगळलेल्या नोंदींत एक नोंद तिच्या सासूबाईंची होती.

सासूबाई म्हणजे तलावावरच्या माजी पोहण्याच्या कोच. उभं आयुष्य पाण्याच्या काठावर शिट्टी फुंकण्यात गेलेलं. आवाज अजूनही पलीकडच्या काठापर्यंत पोचेल असा, आणि देह त्या आवाजाला शोभेल असा. भरभक्कम, ताठ, कशाचाही संकोच नसलेला. सुनेच्या प्रयोगशाळेत आपलं नाव स्वयंसेवक म्हणून लागलं, हे त्यांनी निम्म्या गावाला सांगून ठेवलं होतं.

“म्हणजे मी नापास?” चहाचा कप खाली ठेवत त्यांनी विचारलं.

“नापास नाही, आई. तुमची नोंद वगळली.”

“नापास मुलाच्या आईला शाळेत असंच गोड बोलून सांगतात. कारण काय?”

“लॉकेट हाताळलं गेलं असावं, असं...”

“कुणी हाताळलं? मी?” आवाज पलीकडच्या काठाला लागला. “अगं, तू सांगितलंस तसं घातलं आणि विसरून गेले. त्याला बोट लावलं असेल तर माझी शिट्टी जप्त कर.”

“आईची शिट्टी जप्त करायची तर पोलीस बोलवावे लागतील,” आतून नवऱ्याचा आवाज आला.

“तू तुझी भांडी घास!” सासूबाईंनी तिकडे एक टोला हाणला आणि पुन्हा सुनेकडे वळल्या. “आण ते लॉकेट. आत्ता घालते. बस माझ्यासमोर आणि बघ, हात लागतो का ते.”

दशांशबाईने पिशवीतून लॉकेट काढून दिलं. सासूबाईंनी ते गळ्यात अडकवलं, दोन्ही हात टेबलावर पसरून ठेवले आणि फोटो काढायला बसल्यासारख्या बसल्या. ती कप उचलायला उठली. आणि उठता उठता थांबली.

उभ्या उभ्या तिला लॉकेटची दुधी खिडकी दिसत होती. अख्खी, गोल, बशीसारखी. मामंजींच्या गळ्यात ते असलं की खिडकी बघायला तिला गुडघ्यांत वाकावं लागे. स्वतःच्या गळ्यातलं पाहायला आरशासमोर जावं लागे. इथे ते तिच्याकडेच, नव्हे, तिच्याही वर, छताच्या दिव्याकडे तोंड करून पडलं होतं.

“आई, हलू नका.”

“मी कुठे हलतेय? तेच तर दाखवतेय.”

तिने मोबाइलवर कल मोजायची पट्टी उघडली आणि फोन लॉकेटला अलगद टेकवला. आकडा पाहिला. पुन्हा टेकवला. सासूबाईंना जरा ताठ बसायला सांगितलं, जरा पुढे झुकायला सांगितलं. लॉकेट समोरच्या भिंतीकडे कमी आणि छताकडेच जास्त बघत होतं.

“काय झालं गं? चेहरा का असा?”

“आई, लॉकेट वर बघतंय.”

“मग?” सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. “माझं सगळंच जरा वर बघून असतं.”

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. दशांशबाईला हसू फुटलं आणि पाठोपाठ कानशिलं गरम झाली. इतकी साधी गोष्ट! डोळे समोर बघतात, लॉकेट छताकडे बघतं, मग छताच्या दिव्याखाली ते जास्तच मोजणार. आणि आपण पडताळणी केली ती कुणावर? स्वतःवर. शाळेत असल्यापासून मैत्रिणी जिला फळी म्हणायच्या, तिच्यावर. मामंजींची सपाटी कमी पडली म्हणून की काय, दुसरी सपाटी आणून ताडून पाहिली, आणि दोघांचं जुळलं म्हणून खूश झालो. त्यावर उद्या सही होणार होती. कितीतरी नर्सेस ‘तुमचं ठीक चाललंय’ ऐकून त्याच अंधारात परत गेल्या असत्या.

“आई, तुम्ही नापास नाही. मी चुकले,” ती म्हणाली आणि सगळं समजावून सांगितलं.

सासूबाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, “उद्या हे त्या लोकांना सांगणार कशी?”

“आकडे दाखवेन.”

“आकडे तुमच्या सरांनीही पाहिलेत. मलाच घेऊन चल.”

“अहो, मीटिंग आहे ती.”

“तिथे मामंजी बसतात ना? मग सासूने काय घोडं मारलंय?”

सकाळी सरांच्या खोलीत जाऊन दशांशबाईने दार लोटून घेतलं. “सर, लॉकेट सगळ्यांच्या अंगावर सारखं लटकत नाही.”

“म्हणजे?”

“मामंजींची छाती सपाट आहे.”

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो स्वच्छच होता. “असं म्हणता? पण मग तुम्ही स्वतः घालून पाहिलं होतं, तेव्हा तर...” ते मध्येच थांबले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“माझीही सपाट आहे, सर,” खोलीचं तापमान वाचून दाखवावं तशा आवाजात ती म्हणाली. “म्हणून माझ्या चाचणीने काही सिद्धच होत नव्हतं. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.”

इतक्या वर्षांत या बाईच्या तोंडून सरांनी चुकीची कबुलीही ऐकली नव्हती आणि असलं वाक्यही. मग त्यांनी चष्मा चढवला. “पुरावा?”

“बाहेर बसल्यात.”

अंधाऱ्या खोलीत जायचं तर काळा कोट घालावा लागे. पांढऱ्या-पिवळ्या कपड्यावरून उजेड उलटून मीटरवर पडला की मोजणीची वाट लागते. सासूबाई आल्या होत्या चांगला पिवळाधमक स्वेटर घालून. खुंटीवरचा एकेक कोट त्यांनी अंगाला लावून पाहिला. एकाचंही बटण लागेना.

“हे सगळे तुमच्या मामंजींच्या मापाचे दिसतायत,” त्या म्हणाल्या.

सर पुढे झाले आणि स्वतःचा कोट उतरवून त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. “हा बघा. मी जरा ऐसपैस आहे.” बटणं लागली. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहून, पोहणाऱ्या मुलीने आपला जुना विक्रम मोडला की जशी मान हलवायच्या, तशी मान हलवली.

तोवर मेट्रनबाई आल्या. ठेंगण्या, गोल, पायात रबरी तळव्यांचे बूट. त्यांच्यामागून हातात सुंदर खोकं घेऊन कंपनीचा माणूस. सर्वांना काळे कोट देऊन भिंतीला टेकून उभं केलं. मेट्रनबाईंचाही कोट पुढून उघडाच राहिला. त्यांनी तो हाताने घट्ट धरून ठेवला.

आधी मामंजी. छताचा दिवा लावला, मीटर त्यांच्या डोळ्यापाशी, लॉकेट गळ्यात. दोन्ही आकडे पडद्यावर शेजारी शेजारी उमटले. अगदी सख्ख्या भावांसारखे.

“बघा,” कंपनीचा माणूस म्हणाला, “अचूक!”

दशांशबाईने मामंजींना उचलून कोपऱ्यात ठेवलं आणि खुर्चीची उंची बदलली. “आई, बसा. समोरच्या खुणेकडे बघा. श्वास नेहमीसारखा.”

सासूबाई बसल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेळा मोजलेली बाई आता स्वतःला मोजून देत होती, आणि काठावर उभं राहण्याच्या ऐटीतच बसली होती. दशांशबाईने मीटर त्यांच्या डोळ्यापाशी आणला. दिवा तोच, खोली तीच, लॉकेटही तेच. डोळ्यापाशीचा आकडा जागचा हलला नाही. लॉकेटचा चढत चढत जवळजवळ दुपटीवर जाऊन थांबला.

“आता काय झालं ते सांगाल का?” मेट्रनबाईंनी विचारलं. त्यांची नजर पडद्यावर नव्हती. स्वतःच्या कोटाच्या उघड्या कडांवर होती. उत्तर त्यांना कळलं होतं, पण कुणीतरी मोठ्याने म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असावी.

सरांनी दशांशबाईकडे पाहिलं. “या सांगतील.”

“लॉकेट छातीवर टेकतं,” ती म्हणाली. “छाती भरलेली असेल तर ते कलतं आणि छताकडे बघू लागतं. डोळे मात्र समोरच बघत असतात. म्हणून लॉकेट जो उजेड मोजतं तो डोळ्यांत शिरतच नाही. वॉर्डातले सगळे दिवे छताला असतात. बहुतेक नर्सेसच्या बाबतीत आकडा खोटा आणि मोठा येईल.”

“अहो, पण ही किती किरकोळ गोष्ट आहे!” कंपनीचा माणूस सावरून म्हणाला. “लॉकेटमध्ये कल ओळखणारी चिप आहे. कल किती, त्या प्रमाणात आकडा कमी करून देऊ. एका ओळीचं गणित!”

हा प्रश्न येणार, हे तिला ठाऊक होतं. तिने छताचा दिवा मालवला आणि समोरच्या भिंतीतला रुंद, चौकोनी दिवा लावला, खिडकीतून आल्यासारखा आडवा उजेड देणारा. सासूबाई जागच्या हलल्या नव्हत्या. पडद्यावर पुन्हा दोन आकडे आले. या वेळी लॉकेटचा डोळ्याहून बराच कमी.

“कल तोच आहे,” दशांशबाई म्हणाली. “आता आकडा वाढवावा लागेल. कधी कमी करायचा आणि कधी वाढवायचा हे ठरवायला उजेड कुठून येतोय ते कळायला हवं. तुमच्या चिपला स्वतःचा कल कळतो, उजेडाची दिशा नाही कळत.”

कंपनीच्या माणसाने पडद्याकडे पाहिलं. मग प्रामाणिकपणे म्हणाला, “आम्हीही पुतळ्यावरच तपासलं होतं.”

“माझ्या वॉर्डात,” मेट्रनबाई कोपऱ्यातल्या मामंजींकडे बोट दाखवत म्हणाल्या, “या बांध्याची एकही मुलगी नाही. म्हणजे तुम्ही त्यांना ‘तुमचं ठीक आहे’ म्हणून सांगितलं असतं?”

“हो,” दशांशबाई म्हणाली. “कालपर्यंत मी सही करायला तयार होते.”

“आणि आज?”

“आज नाही करणार. निदान या लॉकेटवर तरी नाही.”

खुर्चीतून आवाज आला, “उठू का मी? की अजून कुणाची शंका शिल्लक आहे?” तेव्हा पहिल्या हसल्या त्या मेट्रनबाई. त्यांनी धरून ठेवलेला कोट सोडून दिला.

अहवाल लिहायला दुपार लागली. सर शेजारी बसले होते. त्यांनी सुचवलं, “‘शरीररचनेतील वैयक्तिक भिन्नतेमुळे’ असं म्हणू या का? जरा बरं दिसेल.”

“वाचणाऱ्याला कळणार नाही, सर. पुढचा माणूस पुन्हा पुतळा घेऊन बसेल.”

“मग?”

“‘छाती’ लिहू. शब्द सगळ्यांना येतो.”

सरांनी मान डोलावली. खाली एक कलम नवीन घातलं गेलं: गळ्यात घालायचा कोणताही मापक यापुढे वेगवेगळ्या बांध्यांच्या स्त्री-पुरुषांवर तपासल्याशिवाय मान्य करायचा नाही. प्रयोगशाळेच्या पद्धतीत दशांशबाईच्या हातचं ते पहिलं कलम. तिने सही केली, पेन बंद केलं, आणि मग पान उलटवायच्या आधी स्वतःचीच सही जरा वेळ बघत बसली. असं तिने पूर्वी कधी केलं नव्हतं.

कंपनीने लॉकेटला कॉलरवर लावायचा चिमटा करून पाठवला. तो तपासायचा तर माणसं हवीत, आणि तीही हरतऱ्हेची. मेट्रनबाईंनी वॉर्डात नुसता निरोप फिरवला. पाळी संपवून नर्सेस थेट प्रयोगशाळेत येऊ लागल्या. थोराड, किडकिडीत, पोक काढून चालणाऱ्या, एक सात महिन्यांची गरोदर. बाहेरच्या बाकावर जागा पुरेना. आत जाऊन आलेली बाहेरच्यांना आपला आकडा सांगे आणि बाहेरच्या तिची टिंगल करत.

रांगेतली एक जण मात्र आत आल्यावर दारापाशीच उभी राहिली. मध्यम वयाची, डोळ्यांखाली रात्रपाळीची काळी वर्तुळं. “मला एक विचारायचं होतं,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “माझं कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. एक बाजू नाही. तुमच्या कामाला चालेन का मी?”

ही गोष्ट आपल्या यादीत कशी आली नाही, असं दशांशबाईच्या मनात आलं.

“बसा,” तिने खुर्ची वळवून दिली. “तुमच्यासारखं कुणी आजवर मोजलेलं नाही. इथेही नाही, त्या कंपनीतही नाही.”

नर्स बसली. आधी तिने जुनं लॉकेट गळ्यात घालून पाहिलं. ते एका अंगाला घसरलं आणि छताकडे नाही, समोर नाही, खोलीच्या कोपऱ्याकडे तोंड करून राहिलं. कुणीच न कल्पिलेली दिशा. मग कॉलरचा चिमटा. दशांशबाईने तो लावला, मीटर त्या थकलेल्या डोळ्यांपाशी आणला, दिवा लावला. आकडे जुळले.

“जमलं का?” समोरची नजर न हलवता नर्सने विचारलं.

“जमलं. तुमच्यावर जमलं, म्हणजे खरंच जमलं.”

स्वयंसेवकांना पडदा दाखवायची पद्धत नव्हती. दशांशबाईने तो तिच्याकडे वळवला. नर्सने दोन्ही आकडे नीट वाचले, एकदा, पुन्हा एकदा. मग उठली, काळा कोट खुंटीला लावला, केस सारखे केले आणि बाहेर गेली. दार मिटता मिटता तिचा आवाज ऐकू आला. रांगेतल्या पुढच्या मुलीला ती सांगत होती, खुर्चीत कसं बसायचं, कुठे बघायचं, आणि अंग चोरायचं नाही म्हणून.